वजन उतरलं, मग मशीन कधी सुटणार?



आज उसाचं, पाण्याचं काही नाही. गेले दोन-तीन महिने बांधावर, डेअरीत, इचलकरंजीच्या बाजारात गाठ पडेल तो एकच विचारतोय, "एवढा वाळलास की भावा, आता ते नाकाचं नळकांडं सुटलं असंल?" इनबॉक्समध्येही तिघा-चौघांनी हेच विचारलंय, त्यातल्या दोघांचं वजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

नवीन मंडळींसाठी आधी थोडं मागचं. माझं वजन होतं ११८ किलो. घराला लागूनच मागाचं शेड. माग चालू असले की त्या खडखडाटात माझं घोरणं कुणाला ऐकूच यायचं नाही. माग बंद असले की मात्र घरच्यांना कळायचं, की घोरणं मधेच थांबतंय, श्वासही थांबतोय आणि मग हिसका बसून परत सुरू होतोय. तपासणी केली तर तासाला ४६ वेळा श्वास अडतोय असं निघालं. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव सांगितलं होतं, आठवत असेल.

याचं माप सोपं आहे. तासाला ५ च्या आत अडत असेल तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

झोपेत घसा आतून मिटतो म्हणून श्वास अडतो. तो मिटू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय १९८१ मध्ये जगापुढं मांडला. सुरुवातीच्या मशीनला चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. म्हणजे आपल्यासारखाच जुगाड.

पुढं बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशन केलं. नितीन गडकरींनी २०११ मध्ये केलं होतं, त्याच जातीचं. अकरा महिन्यांत वजन ८१ वर आलं. तिथूनच हा प्रश्न सुरू झाला.

आता मुद्द्याचं. मशीन सोडायचं की नाही हे लोक तीन गोष्टींवरून ठरवतात. तिन्ही कच्च्या आहेत.

पहिली, वजनकाटा. वजन उतरलं की आजार कमी होतो, यात वाद नाही. पण कमी होणं आणि जाणं यात फरक आहे. २००९ मध्ये बारा अभ्यासांमधल्या ३४२ पेशंटचा हिशोब एकत्र मांडला गेला. ऑपरेशनआधी सरासरी तासाला ५४.७ वेळा श्वास अडत होता, नंतर १५.८ वेळा. केवढा फरक! पण वरचं माप लावून बघा. १५.८ म्हणजे अजून मध्यम आजार. सरासरीच्या अलीकडं काही जण पूर्ण मोकळे झालेले असतात आणि पलीकडं काही जण अजून अडकलेले असतात. आपण कुठल्या बाजूला आहोत ते काटा सांगत नाही. जबड्याची ठेवण, घशाची रुंदी, वय, ह्या गोष्टी किलोत मोजता येत नाहीत.

दुसरी, "मला एकदम फ्रेश वाटतंय." वाटणारच की! रात्रभर मशीन लावून झोपल्यावर फ्रेश नाही वाटणार तर काय. शिवाय अंगावरचं ३७ किलोचं ओझं उतरलंय, त्यानं चालणं-फिरणंही हलकं झालंय. त्यात मशीनचा वाटा किती आणि वजनाचा किती, हे नुसत्या वाटण्यावरून कळत नाही. घोरणं थांबलं यावरही जाऊ नका, न घोरताही श्वास अडू शकतो.

तिसरी, मशीनचा पडदा. त्यावर सकाळी आकडा येतो. माझा रोज दीड-दोन यायचा. बरेच जण इथंच फसतात. तो आकडा मशीन चालू असतानाचा आहे. मोटर चालू आहे म्हणून सरीत पाणी दिसतंय, त्यावरून पाऊस पडला असं कुणी म्हणेल का?

मग ठरवायचं कसं? ऊस तोडीला आलाय का, हे आपण पाला बघून ठरवत नाही. वरच्या कांड्याचा, खालच्या कांड्याचा रस काढून ब्रिक्स बघतो. इथंही तसंच. वजन बऱ्यापैकी, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, की झोपेची तपासणी परत करायची. आणि ती मशीन न लावता.

माझी तपासणी घरीच झाली. बोटाला ऑक्सिजनची चिमटी, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी. त्याआधी काही रात्री मशीन बंद ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे मशीनचा राहिलेला परिणाम आकड्यात येणार नाही. त्या दिवसांत ट्रॅक्टरला हात लावायचा नाही, हेही बजावलं. धाकट्या भावानं गाडी सांभाळली. अजून एक गोष्ट कळली. घरची तपासणी आपण किती वेळ झोपलो ते मोजत नाही, यंत्र किती वेळ चालू होतं ते मोजते. त्यामुळं रात्रभर तळमळत पडलं तर आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येऊ शकतो. शंका असेल तर दवाखान्यात झोपून पूर्ण तपासणी करायची.

माझा आकडा आला ११.

४६ वरून ११! आईनं साखर वाटायची बाकी ठेवली होती. पण डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "तुम्ही रात्री काय करता?" मी म्हटलं, हंगाम सुरू झाला की भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्यावर नंबरला. अधेमधे रात्रीची लाईट आली की पाणी पाजायला. बीपीची गोळी अजून चालू आहे, तीही सांगितली.

त्यावर ते जे बोलले ते मला पटलं. ११ ला दोन उत्तरं आहेत. दिवसा टेबलावर काम, बीपी नाही, झोप येत नाही, अशा माणसाला मशीन सोडून लक्ष ठेवता येईल. पण मागं ऊस भरलेल्या ट्रॉल्या आणि पुढं सायकलवरून पाळीवरनं सुटलेला कामगार, अशा रस्त्यावर एका डुलकीची किंमत आपण एकटे देत नाही. तेव्हा आमचं ठरलं असं. हा हंगाम संपेपर्यंत मशीन चालू. वजन सहा महिने एका जागी टिकलं की परत तपासणी.

ह्याच ऑपरेशनला माझ्या आगंमागं ॲडमिट असलेल्या एकाचा आकडा ३ आला, त्यांचं मशीन डॉक्टरांनीच बंद केलं. आनंद आहे. आमच्या एका पाहुण्यानं मात्र तपासणी न करता चौथ्या महिन्यातच मशीन विकून टाकलं. दोन वर्षांत नऊ किलो परत चढलं, आता भर दुपारी बोलता बोलता डोळा लागतोय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात, २००० साली आलेल्या, दिसलं होतं की वजन १० टक्के वाढलं तर श्वास अडणं सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतं. ऑपरेशननंतर दीड-दोन वर्षांनी थोडं वजन परत येणं नवीन नाही. म्हणून मशीन सुटलं तरी विषय संपला असं समजू नका.

जाता जाता कामाच्या गोष्टी:

१. वजन उतरल्यावर मास्क ढिला होतो, हवा फुसफुसते, पोट फुगतं. मास्कचा साईज बदला आणि दाब तपासून घ्या. माझा दाब १३ वरून ९ वर आणला, तेव्हापासून सुखानं झोप लागते. त्रास होतोय म्हणून मशीन फेकू नका, आधी दाब बघा.

२. दारू आणि झोपेच्या गोळीनं घसा अजून सैल पडतो. ऑपरेशन झालेल्यांनी तर लांबच राहावं.

३. मशीन सुटलं तरी लगेच विकू नका. वर्षभर कपाटात राहू दे.

मला मशीन आवडतं असं नाही. पाहुण्यांच्या घरी ते नळकांडं काढायला आजही लाज वाटते. पण तोड कधी घ्यायची हे शेजारचा सांगतो म्हणून आपण ठरवत नाही, मग श्वासाचं तरी त्याच्यावर का सोडायचं?

कुणाचं ऑपरेशन झालं असेल आणि परत तपासणी राहिली असेल, तर हंगामाच्या आधी उरकून घ्या. पुढच्या तपासणीचा आकडा जो येईल तो इथं लिहीनच.