मुकादमाच्या माघारी

चि. भाचीस,

ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांवरील तुझ्या प्रबंधाचा मसुदा सावकाश वाचला. स्थलांतर, कर्ज, आरोग्य, मुलांचे शिक्षण असे सर्वच विषय कवेत घेऊन बीड जिल्ह्यात गावोगाव प्रश्नावलीसह फिरण्याचा तुझा मानस त्यात दिसतो. तुझी कळकळ मला ठाऊक आहे. आराखडा मात्र मान्य नाही.

१९३६ साली विल्यम फूट व्हाइट हा हार्वर्डचा तरुण बोस्टनमधील नॉर्थ एंड या इटालियन वस्तीच्या अभ्यासास प्रवृत्त झाला, तेव्हा त्याच्याही बेतात इतिहासापासून राजकारणापर्यंत काहीच वगळलेले नव्हते, आणि मदतीस दहा माणसे धरलेली होती. हेंडरसन या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाने तो बेत मोडीत काढला, हे त्याच्यावरील उपकारच. पुढे व्हाइट वस्तीतल्याच एका कुटुंबात राहिला, इटालियन शिकला, नाक्यावरच्या तरुणांत बसू लागला. आणि जुगाराच्या धंद्यातील एका गृहस्थास त्याने पोलिसांच्या लाचेविषयी भरबैठकीत विचारले, तेव्हा त्याच्या पुढल्या ग्रंथात ‘डॉक’ या नावाने येणाऱ्या मित्राने त्यास समजावले की, लोकांनी एकदा आपलेसे केले म्हणजे उत्तरे न विचारताच कळतात. बाहेरच्यांस विस्कळित वाटणाऱ्या त्या वस्तीत मानमरातबाची केवढी काटेकोर व्यवस्था होती, आणि बोलिंगच्या खेळातील यशसुद्धा तिला कसे धरून असे, हे १९४३ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाने दाखवले.

तुझ्या विषयात तर प्रश्न विचारण्यातली ही दक्षता अधिकच हवी. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मजूर जमवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, आणि मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या त्या स्त्रीची कैफियत तू नवरा आणि मुकादम यांच्या देखत घेतलीस, तर कागद भरेल, पण त्यावरचे शब्द तिचे नसतील. म्हणून कोणास विचारावे याइतकेच कोठे, केव्हा आणि कोणाच्या माघारी विचारावे, हेही आराखड्यातच ठरले पाहिजे: ऊसतोडीच्या फडावर नव्हे, तर कोपीवर, म्हणजे तिच्या झोपडीत, चूल पेटल्यानंतर, किंवा हंगाम संपवून ती गावी परतल्यावर. एकच टोळी घे आणि एकच प्रश्न धर: उचल फिटते तेव्हा तिच्या श्रमांचा हिशेब घरात कोण आणि कसा मांडतो? बाकीचे विषय त्यामागून आपोआप येतील, आणि त्यांनी तुझा प्रश्नच बदलला तर बदलू दे. टिपणे त्याच रात्री लिही. त्यांत खरी नावे ठेवू नकोस, कारण त्या कागदांची झळ तुला नव्हे, तिला लागेल.

दसऱ्यानंतर टोळ्या निघू लागतील. त्यापूर्वी नवा मसुदा पाठव, म्हणजे सवडीने पाहता येईल.

तुझा,
मामा