आमची पिशवी

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. सासुरवाडी यवतमाळची. परतताना एसटी कळंब सोडते, वर्धा नदीचा पूल ओलांडते आणि कायदा बदलतो. अलीकडे दुकानात मिळणारी दारू पलीकडे गुन्हा होते. गांधीजींच्या सेवाग्रामचा हा जिल्हा, म्हणून इथे दारूबंदी.

आमच्या घरात दारू कधी आली नाही. तरी हा कायदा आम्हांला पटत नाही, असे म्हटले की आपलीच माणसे चिडतात. "हराम वस्तू सरकारने बंद केली, तर तुम्हांला त्रास कसला?" एका बुजुर्गांनी मशिदीबाहेर विचारले.

आम्ही म्हणालो, "चाचा, कुरआननेही एकदम मनाई केली नाही. आधी सांगितले, तिच्यात फायद्यापेक्षा गुनाह मोठा. मग सांगितले, नशेत नमाजला जाऊ नका. शेवटी पूर्ण बंदी आली. आधी मने तयार झाली. इथे नुसती दुकाने बंद झाली आणि चोरवाटा उघडल्या." शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठवावी लागली.

हे मत आमच्या एका मित्राला ठाऊक होते. मराठी शाळेतला शिक्षक; अब्बांच्या आजारपणात दवाखान्यात आमच्यासोबत रात्री जागलेला. एकदा म्हणाला, "सर, घरी पाहुणे येणार आहेत. यवतमाळहून दोन बाटल्या आणा. मुसलमान मास्तरची पिशवी कोण तपासणार?"

आम्ही नाही म्हणालो.

"समजलो. तुमच्या धर्मात चालत नाही."

मान डोलावली असती, तर तिथेच मिटले असते. पण ते अर्धेच खरे होते. आम्ही म्हणालो, "धर्म आहेच. पण कायदाही आहे."

"कायदा चुकीचा आहे, असे तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणतो. सभेत म्हणू, लिहून म्हणू. पण चोरून बाटल्या आणणार नाही."

तो रागावून गेला. आम्हांलाही रात्री झोप आली नाही. दोन बाटल्यांनी काय बिघडले असते? पण आमच्यावर अन्याय होतो तेव्हा आम्ही संविधानाचे नाव घेतो, कायद्याने वागा असे इतरांना सांगतो. मग न पटणारा कायदा आम्ही पुलावरच सोडून द्यायचा? दुसऱ्या दिवशी नागरिकशास्त्राच्या तासाला पोरांसमोर कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

त्या ईदला तो शीरखुर्म्याला आला नाही. अम्मींनी संध्याकाळी त्याच्या घरी डबा पाठवला. डबा रिकामा होऊन परत आला, तेव्हा बरे वाटले.

दारूबंदीबद्दलचे आमचे मत अजून तेच आहे. पुलावर कोणी पिशवी तपासायला मागितली, तर आम्ही लगेच उघडून दाखवतो.