पावणेचारची हाक

घरातील झोप ही कोणा एकाची मालमत्ता नसते. ती विहिरीच्या पाण्यासारखी सर्वांच्या सामाईक मालकीची असते आणि एकाची मोडली की हळूहळू साऱ्यांचीच मोडते. तान्हे मूल असलेल्या घरांना हे सांगावे लागत नाही. मांजर असलेल्या घरांनाही सांगावे लागू नये. रात्रीच्या चौथ्या प्रहरी दाराशी आलेली बारीक, आर्जवी हाक, मग नखांनी दार खरवडल्याचा आवाज आणि दार उघडे असलेच तर उशाशी येऊन बसलेले एक ऊबदार ओझे, हा क्रम अनेकांच्या परिचयाचा असेल. कोणी रागावते, कोणी हसते. बहुतेकजण मात्र उठतात, मासळीचा एखादा तुकडा पुढे टाकतात आणि पुन्हा अंथरुणाला पाठ टेकतात. दुसऱ्या रात्री तीच हाक दहा मिनिटे आधी येते.

आमच्या घरी ती पावणेचारला येत असे. आमच्या मनीने ही वेळ स्वतः निवडली नव्हती. ती तिला आमच्या आईने दिली होती. पूर्वी वाडीत नळाला पहाटे चारला पाणी येई. आई त्याआधी उठे, हंडे-कळश्या नळाखाली मांडी, चहाचे आधण ठेवी आणि आदल्या दिवशी बाजूला काढलेली बांगड्याची डोकी मनीपुढे घाली. पाच-सहा वर्षे हा परिपाठ एक दिवस चुकला नाही. २०२१ साली आई देवाघरी गेली. पुढे नळाची वेळ बदलली, चहाची बदलली. मनीची बदलली नाही. ती पावणेचारला स्वयंपाकघरात जाई, तेथे कोणी नाही असे पाही आणि ओटीलगतच्या खोलीत बाबांच्या उशाशी येऊन हाक मारी.

बाबा उठत. आम्हा मुलांची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता, भिंतीला हात लावीत, ओटीवरून स्वयंपाकघराच्या दोन पायऱ्या उतरत. त्यांचे वय त्र्याऐंशी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू. वयस्क माणसाने झोपेतून एकदम उठून उभे राहू नये, रक्तदाब उतरून भोवळ येते, असे डॉक्टरांनी त्यांना पूर्वीच बजावले होते. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री त्या ओलसर पायरीवरून त्यांचा पाय सरकला. दाराची चौकट हाती आली म्हणून केवळ कोपर खरचटले. त्या रात्रीपासून मनीची हाक हा घरात थट्टेचा विषय उरला नाही.

सल्ले येऊ लागले. त्यांतला सर्वांत सोपा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे : गोणीत घाला आणि खाडीपलीकडे मासळीबाजारात सोडून या, तिथे तिला खायला काय कमी? नऊ वर्षे घरात वाढलेले मांजर परक्या बोक्यांच्या आणि कुत्र्यांच्या राज्यात किती दिवस तग धरते, हे गोणी नेणाऱ्याला पाहावे लागत नाही, एवढीच काय ती त्या उपायाची सोय. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही अपराध आहे. परंतु आमच्या घरी कायद्याचा दाखला देण्याची वेळ आली नाही. बाबा एवढेच म्हणाले, "तुमची आई गेल्यापासून त्या वेळेला मला कोणी हाक मारत नाही. ही एक मारते."

यानंतर गोणीची गोष्ट कोणी काढली नाही. दोन गोष्टी मात्र ठरल्या : मनी राहील आणि पावणेचारची हाक थांबेल. बाबांपासून मनी तोडायची नव्हती. दोघांची भेट अंधारातून उजेडात आणायची होती.

प्रथम आम्ही तिला पशुवैद्यकांकडे नेले. हे पाऊल कोणी गाळू नये असे आम्हास वाटते. मांजर वयस्क असेल आणि एकाएकी रात्री ओरडू लागले, खाऊनही वाळू लागले किंवा पाणी फार पिऊ लागले, तर तो हट्ट नसून आजार असू शकतो. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, पोटातील जंत यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि अशा वेळी शिस्त लावणे म्हणजे रोग्याला त्याच्या कण्हण्याबद्दल दटावणे होय. ज्यांची नसबंदी झालेली नाही, अशी मांजरे माजाच्या दिवसांत रात्रभर ओरडतात. तोही प्रकार निराळा. मनीची नसबंदी लहानपणीच झाली होती. वैद्यांनी तिला तपासले, तोलले आणि प्रकृती उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे प्रश्न पोटाचा कमी आणि सवयीचा अधिक होता.

ही सवय समजून घेण्यासाठी मांजराच्या कुळाकडे पाहावे लागते. आपले मांजर आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजराचे वंशज आहे. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारीच पुरलेले मांजर सापडले. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. इतका जुना हा शेजार. पण आपले शिकारीचे घड्याळ मांजराने अद्याप सोडलेले नाही. उंदरांची ये-जा तिन्हीसांजेला आणि पहाटे अधिक असते, म्हणून मांजराचेही त्या दोन वेळांना अंग उसळते. शिवाय उंदीर म्हणजे केवढासा घास! त्यामुळे दिवसाकाठी दहा-बारा वेळा थोडे थोडे खावे अशीच त्याच्या देहाची घडण आहे. सायंकाळी सात वाजता एकदाच जेवलेले मांजर पहाटे जागे होते, यात दुष्टावा काहीच नाही.

हाकेचीही एक गंमत आहे. मोठी मांजरे आपापसांत फारशी 'म्याँव' करीत नाहीत. ती भाषा त्यांनी मुख्यतः माणसासाठी राखून ठेवली आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकोम्ब यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असे दाखवून दिले की, खाणे मागताना मांजराच्या गुरगुरण्यात एक उंच स्वर मिसळलेला असतो आणि तो तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या स्वराशी जुळतो. ती हाक ऐकून न ऐकल्यासारखे करणे इतके जड का जाते, याचे उत्तर त्यात आहे.

आता सवय लागते कशी? अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली याचा अभ्यास मांजरांवरच केला होता. भुकेले मांजर लाकडी फळ्यांच्या पिंजऱ्यात ठेवीत. बाहेर मासळीचा तुकडा. आतली दोरी ओढली किंवा कळ दाबली की दार उघडे. मांजर आधी वाटेल तशी धडपड करी आणि योगायोगानेच दोरी ओढली जाई. परंतु वारंवार कोंडल्यावर निष्फळ धडपड गळून पडे आणि ते थेट दोरीशी जाई. ज्या कृतीमागून सुख येते ती पक्की होते, हा नियम त्यांनी त्यातून मांडला. मनीपुरते बोलायचे तर दोरी म्हणजे तिची हाक आणि उघडणारे दार म्हणजे बाबा.

त्यापुढचा धडा बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी शिकवला. प्रत्येक वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणारे बक्षीस सवयीला अधिक चिवट करते. चार रात्री दुर्लक्ष करून पाचव्या रात्री कंटाळून तुकडा टाकणारे घर मांजराला एवढेच शिकवते की, चिकाटी सोडू नये. आणखी एक गोष्ट : फळ मिळेनासे झाले की सवय लगेच मावळत नाही, आधी ती उसळी घेते. हाक वाढते, लांबते, नवे सूर काढते. नेमक्या त्याच रात्री माणसे हरतात.

हे सारे ध्यानी घेऊन घरात चार गोष्टींचा नेम केला. पहिली खेळाची. रात्री रोझरी आटोपली की आमची धाकटी काठीला दोरी आणि दोरीला कोंबड्याचे पीस बांधून मनीला पंधरा-वीस मिनिटे पळवू लागली. शिकार, मग भोजन, मग अंग चाटणे आणि मग झोप, असा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे. त्याचा पहिला दुवा खेळाने मिळतो. दुसरी गोष्ट जेवणाची. सायंकाळचे मोठे जेवण रात्री दहावर नेले आणि त्यात भात कमी करून मासळी वाढवली. मांजर हा निखळ मांसाहारी जीव आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य त्याच्या डोळ्यांना व हृदयाला अत्यावश्यक असते, ते दूधभातातून पुरेसे मिळत नाही. आणि दूध तर पुष्कळशा मोठ्या मांजरांना पचतही नाही. हे दहाचे जेवण वाढण्याचे काम बाबांनी स्वतःकडे घेतले.

तिसरी गोष्ट म्हणजे एक झाकणाचे भांडे. ठरावीक वेळ लावली की झाकण आपोआप उघडणारे, सेलवर चालणारे असे भांडे आता मिळते. ते आम्ही प्रथम साडेतीनला लावले. म्हणजे हाकेच्या आधीच खाणे हजर. ते हाकेमागून येत नाही आणि माणसाच्या हातूनही येत नाही. मांजराने भांड्याची वाट पाहावी, माणसाची पाहू नये, एवढाच हेतू. मग दर चार दिवसांनी ती वेळ पंधरा मिनिटांनी पुढे सरकवायची. साडेतीनपासून सहापर्यंत अशा दहा पायऱ्या होतात, म्हणजे चाळीस दिवस. चाळीस दिवसांचा नेम आपल्या वाचकांना नवा नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड : हाक आलीच तर कोणी उठायचे नाही, बोलायचे नाही आणि रागवायचेही नाही. दटावणे हीदेखील एक दखलच असते. आणि पाणी उडवणे, मारणे यांनी मांजर सवय सोडत नाही, माणसाला भिऊ लागते. हा नियम घरातील प्रत्येकाने पाळायचा, पाहुण्यांनीसुद्धा.

पहिल्या दोन रात्री मनी भांड्यातले खाऊनही बाबांच्या बंद दाराशी आली. पाचव्या रात्री तिने जो टाहो फोडला, तो ऐकून आम्ही दोघे अंथरुणात उठून बसलो. बाबांच्या खोलीत हालचाल नव्हती. सकाळी ते म्हणाले, "मी पलंगाची दांडी धरून ठेवली होती." त्यांच्या सुनेने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला जड जात असेल तर सोडून देऊ." ते म्हणाले, "नको. तिला सवय होईल. मलाही होईल." आठवडाभरात टाहो ओसरला. पुढे वेळ सरकवताना एखाद्या पहाटे कुरबूर होई. त्या टप्प्यावर आम्ही चारऐवजी सहा-सात दिवस थांबलो. अखेर चाळिसाचे पन्नास दिवस झाले, परंतु भांडे सहाला उघडू लागले आणि घर सहापर्यंत झोपू लागले.

मनीची पावणेचारची हाक आता येत नाही. रात्री दहाला मात्र ओटीवर हाक ऐकू येते, ती बाबांची : "मने, ये गं." दिवा लागलेला असतो, ताटली त्यांच्या हातात असते. पाय गोळा करून ती खाते आणि ते शेजारच्या बाकावर बसून असतात. त्या दोघांत तेव्हा काय बोलणे होते, याची चौकशी आम्ही करीत नाही. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांपाशी त्याच सुमारास एक लहान दिवा लावून घेतला होता. त्याची आता गरज नाही, असे बाबा म्हणतात. आम्ही तो काढलेला नाही.