बारामतीच्या सावकाराचा वाडा

पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे बंद पडल्यापासून पहूरच्या प्रवाशांना एसटीच काय ती. आमची गाडी पहूरहून निघाली, फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढली. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. मला मात्र पेशवाईलाच हात घालणाऱ्या सावकाराचं ठिकाण बघायचं होतं, म्हणून सिल्लोड, नगर करत बारामती गाठली.

कऱ्हेकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा म्हणजे भुईकोटच. दगडी तट, बुरूज, अंगावर येणारा दरवाजा. सावकाराला बुरूज कशाला, असं वाटतं खरं! पण हे जोशी-नाईक नुसते व्याजबट्टा करणारे नव्हते. बाबूजींचे भाऊ आबाजी हे पेशवे बाळाजी विश्वनाथांचे जावई. बाजीरावांची बहीण भिऊबाई या घरात दिलेली. सोयरीक एकीकडे, कर्जखतं दुसरीकडे. बाजीराव मोहिमांपायी कायम कर्जात. गुरू ब्रह्मेंद्रस्वामींचंही देणं होतं, नाईकांचंही.

28 एप्रिल 1740 रोजी बाजीराव गेले आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचं नाव पुढे केलं. शाहू महाराजांना मोठा नजराणाही देऊ केला. महाराज बधले नाहीत. जूनमध्ये बाजीरावांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, नानासाहेबांना, पेशवाईची वस्त्रं मिळाली. मग नाईकांनी सोयरीक बाजूला ठेवून बापाच्या कर्जाचा तगादा मुलामागे लावला. शेवटी पेशव्यांचे दिवाण महादोबा पुरंदऱ्यांनी आपली पत लावून नानासाहेबांची सुटका केली.

नाईकांना जमलं नाही ते, सावकारीतून सत्ता मिळवणं, फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याला साधलं होतं. त्या घराण्यातला कोसिमो 1434 साली हद्दपारीतून परतला आणि पेढीच्या जोरावर शहर चालवू लागला. तिथे प्रजासत्ताक होतं, सभासद फोडता येत. शाहू महाराजांच्या साताऱ्यात वस्त्रं देणारा हात एकच होता.

कलावंत पोसण्यात मात्र नाईक कमी पडले नाहीत. कवी मोरोपंत त्यांच्याच आश्रयाला बारामतीत राहिले, पुराण सांगत, आर्या रचत. ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण लिहिणारा हा कवी, त्याला पोटाची चिंता असती तर असले हट्ट सुचते का? 1794 साली पंत बारामतीतच वारले.

बारामतीला कामानिमित्त अनेकजण जातात. त्यांनी नदीकाठी तासभर काढावा. वाड्याइतकाच वेळ पंतांच्या स्मारकालाही द्यावा. नाईकांचं नाव पेशव्यांच्या यादीत नाही, मोरोपंतांच्या चरित्रात आहे.