टेबलाचा जोर सांध्यात

टेबल डुगडुगायला लागलं की दोष पायाच्या जाडीवर जातो आणि गिऱ्हाईक अडीच इंचांऐवजी तीन इंची पाय मागतं. खरं तर सागाचा अडीच इंची पाय वरून येणारा भार सहज पेलतो. टेबल ढिलं पडतं ते आडव्या हिसक्यांनी, म्हणजे फरशीवरून ओढताना किंवा कडेला रेलताना. जमिनीपासून माथ्याखालच्या आडपट्टीपर्यंतचा सुमारे ६५ सेंटिमीटरचा पाय तरफेसारखा वागतो, आणि त्याला आवरायला पट्टीची उंची जेमतेम १० सेंटिमीटर. खाली दिलेला धक्का सांध्यावर सहा-सात पट होऊन आदळतो. म्हणून लाकूड वाढवायचंच तर आडपट्टीच्या उंचीत वाढवावं, आणि तिच्या टोकाला कुसू काढून ते पायाच्या खाचेत खोलवर बसवावं. कुसवाची जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश, खाचेचं वरचं तोंड बंद. त्याहून जपायचे ते कुसवालगतचे खांदे. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. गुण्या लावून सुरीने रेघ कोरली की करवतीला काठ मिळतो आणि खांदा पायाला बिनफटीचा भिडतो. हिसका आधी तोच झेलतो. तिथे कागदाएवढी फट राहिली, तर सगळा भार एकट्या कुसवावर.

आताचा गोंद लाकडाहून मजबूत असतो, मग एवढा खटाटोप कशाला, असं विचारतात. गोंदाची ताकद रेषांच्या बाजूने लाकूड लाकडाला चिकटतं तिथली. पट्टीचं कापलेलं टोक गोंद पिऊन टाकतं. तिथे पकड कमीच, आणि टोकात पिळलेला स्क्रूही लवकर सैल होतो. कुसू गोंदाला हवा तो पृष्ठभाग देतं. त्यातून आमचं मीरा-भाईंदर खाडी आणि समुद्राच्या मध्ये. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्यात किंवा एसीच्या खोलीत आक्रसतं, तेही लांबीत जवळपास नाहीच, रुंदीत. ६० सेंटिमीटरचा सागवानी माथा चार-पाच मिलिमीटर सहज हलतो. तो आडपट्टीला चिकटवून टाकला तर तडकेल किंवा सांधे उचकटेल. खाचेत सरकणाऱ्या लाकडी गुटक्यांनीच तो धरावा.

खरा आक्षेप वेगळाच आहे. इथे कितीतरी घरं अकरा महिन्यांच्या करारावर, लिफ्ट अरुंद. न सुटणारं टेबल न्यायचं कसं? हे मला मान्य आहे. पण त्यासाठी चारही पाय बोल्टवर नकोत. आखूड बाजूचे दोन-दोन पाय कुसवाने कायमचे जोडावेत. लांब आडपट्ट्यांना आखूड, बिनगोंदाचं कुसू ठेवून बोल्ट द्यावा: पीळ कुसू अडवतं, बोल्ट फक्त खांदा आवळून धरतो. पट्टीच्या आतल्या अंगाला नटासाठी खाच ठेवली की लाकूड आक्रसल्यावर पान्याचा अर्धा फेरा पुरतो.