पऱ्हाटीच्या कार्बनला हमीभाव हवा

कापसाची शेवटची वेचणी झाली की वऱ्हाडात पऱ्हाटी उपटायची घाई सुरू होते. गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि ते बरोबरच आहे. मग ती जाते कुठे? थोडी चुलीत, थोडी कुंपणाला, आणि उरलेल्या ढिगाला बांधावरच काडी लागते. फाल्गुनात अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, कुठल्याही रस्त्याने जा, धूर दिसतो. झाडाने हंगामभर हवेतून ओढून घेतलेला कार्बन एका संध्याकाळी हवेत परत जातो.

माझे काम मातीतल्या कार्बनचे. हा कार्बन परत जाऊ न देता जमिनीत कसा टिकवायचा, याचे तांत्रिक उत्तर बऱ्यापैकी हाती आले आहे. अडले आहे ते पैशांवर.

उत्तर म्हणजे बायोचार. शंकूच्या आकाराची पत्र्याची भट्टी घ्यायची किंवा तसाच खड्डा खणायचा. तळाशी जाळ करून वाळलेल्या पऱ्हाटीचा पातळ थर टाकायचा. वरच्या ज्वाळा हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतात, त्यामुळे खालच्या काड्या जळून राख होण्याऐवजी त्यांचा कोळसा होतो. काड्यांवर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर द्यायचा. घाई केली तर धूर होतो, आणि त्या धुरातून मिथेन गेला तर केलेल्या कामावर पाणी पडते. भट्टी भरली की भरपूर पाणी ओतून विझवायची. चांगला उतरलेला तुकडा दुसऱ्यावर आपटला तर खणखणतो. असा कोळसा शेणखतात, गोमूत्रात मुरवून मातीत घातला, तर त्यातल्या कार्बनचा मोठा भाग शेकडो वर्षे कुजत नाही. शेणखतातला कार्बन आपल्या तापलेल्या काळ्या मातीत काही हंगामांत उडून जातो. वऱ्हाडातल्या बहुतेक जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळतो, तो त्यामुळेच.

हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. तिच्यापासून पाच-सहाशे किलो बायोचार होतो, म्हणजे हवेतला साधारण सव्वा ते दीड टन कार्बन डायऑक्साइड जमिनीत बंद होतो. महाराष्ट्रात कापूस 40 लाख हेक्टरच्या आसपास असतो. निम्मी पऱ्हाटी मिळाली, तरी वर्षाला 25 लाख टनांची गोष्ट आहे.

‘साहेब, हा कोयसा मातीत गाडून आमाले काय भेटन?’ हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत ऐकू येतो आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. बायोचारने उत्पादन वाढल्याचे ठळक निष्कर्ष जगात मुख्यतः आम्लधर्मी, हलक्या जमिनींतले आहेत. आपली जमीन मुळात विम्लधर्मी, आणि पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर सोडियमने घट्ट झालेला. बायोचार स्वतः विम्लधर्मी असतो. तेव्हा ‘कापूस दीडपट होईल’ असे सांगत कुणी दारात आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. जमिनीला काही फायदा होईल, पण मजुरी फिटेल इतका होईलच असे नाही. शेतकरी इथे साऱ्या जगासाठी काम करतो, तेव्हा मोबदलाही त्या कामाचाच मिळाला पाहिजे.

तो आज देते कोण? परदेशी कंपन्या. गुगलने जानेवारी 2025 मध्ये ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून 2030 पर्यंत एक लाख टन बायोचार क्रेडिट, म्हणजे मातीत साठवलेल्या कार्बनचे दाखले, घेण्याचा करार केला. चांगले झाले, पण दोन-चार मोठ्या गिऱ्हाइकांच्या मर्जीवर कारंजा-दारव्ह्यातल्या बचत गटाने भट्टीसाठी कर्ज काढावे, असे मी सांगणार नाही. गिऱ्हाईक उद्या फिरले तर हप्ते कोण भरणार?

इतर देशांनी इथेच सरकार मध्ये घातले आहे. अमेरिकेत हवेतून थेट ओढून जमिनीखाली साठवलेल्या प्रत्येक टनाला 180 डॉलरपर्यंत करसवलत आहे. स्वीडनने उलट्या लिलावातून, म्हणजे कमीत कमी दर मागणाऱ्याला निवडून, स्टॉकहोमच्या ऊर्जा कंपनीला सुमारे 20 अब्ज क्रोनर देऊ केले, तेही प्रत्यक्ष साठवलेल्या टनांवर. आपल्याकडे 2026-27 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कार्बन पकडण्यासाठी पाच वर्षांत 20 हजार कोटींची तरतूद झाली. ती वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायन उद्योगांसाठी. धुराड्यातला कार्बन अडवणे गरजेचेच आहे. पण त्याने नवी भर थांबते. हवेत आधीच साठलेला साठा कमी होत नाही. तो कमी करणारी पऱ्हाटी या तरतुदीबाहेर राहिली.

ठरवले तर सरकार बाजार उभा करू शकते, हे आपण पाहिले आहे. 2021 च्या धोरणाने औष्णिक केंद्रांना कोळशात बायोमास मिसळणे बंधनकारक केले आणि पिकांच्या अवशेषांच्या पेलेटला गिऱ्हाईक मिळाले. त्याहून जुना अनुभव 1972 च्या एकाधिकार कापूस खरेदीचा. त्या योजनेचे दोष वऱ्हाडाने भोगले आहेत: प्रतवारीवरून तंटे, रखडलेले चुकारे. तरी ठरलेला भाव माहीत असेल तर शेतकरी पेरायला धजावतो, हे तिने दाखवले. कार्बनच्या बाबतीत प्रतवारी तर अधिकच कडक लागेल. भट्टीतला प्रत्येक ढीग वजनकाट्यावर जायला हवा, नमुन्यातले कार्बन आणि हायड्रोजनचे प्रमाण तपासायला हवे, शेताची नोंद हवी. अकोल्याला 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तपासणीचे हे काम त्याच्याकडे सोपवता येईल.

भट्टीला अनुदान देऊन सरकारने मोकळे होऊ नये. अनुदानाची यंत्रे गोठ्यात गंजताना आपण पुष्कळ पाहिली. मातीत गेलेल्या, तपासलेल्या प्रत्येक टनाला किमान भाव सरकारने बांधून द्यावा, तोही निदान दहा वर्षांसाठी. खाजगी गिऱ्हाइकाने जास्त दिला तर शेतकऱ्याने तो घ्यावा. कमी दिला तर फरक सरकारने भरावा. त्या करारावर बँक कर्ज देईल. सुरुवात अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांपासून करता येईल. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि ग्रामसभांनी पुढची पऱ्हाटी उपटण्याआधी या किमान भावाच्या मागणीचा ठराव करून आपल्या आमदारांच्या हाती द्यावा, ही माझी विनंती आहे.