पाहिले की ऐकले?

झाशीत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच बराचसा इतिहास मुखोद्गत झालेला असे. छत्रसालाने पहिल्या बाजीरावास दिलेल्या मुलखातून मराठ्यांचे पाऊल बुंदेलखंडात पडले, १७४२ च्या सुमारास नारोशंकरांनी येथे सुभेदारी थाटली, ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने बांधलेल्या किल्ल्याला जोडून शंकरगड उभा केला, आणि त्या सुभेदारीच्या आश्रयाने पुढे जी भिक्षुक, कारकून, शिलेदार अशी नाना प्रकारची घराणी दक्षिणेतून येथे आली, त्यांपैकीच आमचे एक. आमची आजी राणीसाहेबांचा उल्लेख ‘बाईसाहेब’ या शब्दावाचून कधी करीत नसे, आणि त्या उच्चारात असा काही निकटचा आदर असे, की त्यांना जाऊन शतक लोटत आले आहे याचा आम्हां मुलांना विसर पडे.

अशा घरातून मी १९५६ च्या जुलैत इंटरमीडिएटच्या वर्गात इतिहास हा विषय घेऊन दाखल झालो. अलाहाबादच्या मंडळाचा अभ्यासक्रम विस्तीर्ण होता. त्यातील बराचसा भाग पाठ करावा आणि परीक्षेत उतरवून द्यावा, याच पद्धतीने शिकविला जाई, आणि त्याविषयी येथे लिहिण्याजोगे काही नाही. परंतु आमचे इतिहासाचे अध्यापक, जे स्वतः बुंदेलखंडातील एका खेड्यातले होते, ते १८५७ या प्रकरणापाशी आले म्हणजे पाठ्यपुस्तक मिटवून ठेवीत. शताब्दीचे वर्ष उगवत होते, गावात सभा आणि मिरवणुका यांची तयारी चालली होती, आणि या उत्साहाच्या दिवसांतच ते आम्हांला शांतपणे विचारीत, की जे तुम्ही सांगता त्याला दाखला कोणता.

मी घरातील कपाटातून विष्णुभट गोडशांचे ‘माझा प्रवास’ वर्गात नेले. वरसईचे हे भिक्षुक, मथुरेस बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ होणार या वार्तेने द्रव्यार्जनासाठी घरून निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडून १८५८ साली वेढ्याच्या वेळी झाशीत होते. अध्यापकांना मराठी येत नसे. म्हणून मी एकेक परिच्छेद वाचून त्यांना हिंदीत सांगावा असे ठरले. तोफांच्या माऱ्याखालील ते दिवस, ३ एप्रिलला इंग्रजी फौज शहरात शिरल्यानंतरची कत्तल आणि लूट, आणि झाशीकरांच्या पिढ्यांनी जतन केलेल्या ग्रंथसंग्रहाचा झालेला नाश, हे सांगताना माझा कंठ दाटून येत असे. अध्यापक ऐकून घेत आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एकच प्रश्न करीत : “यह उन्होंने देखा था, या सुना था?”

प्रथम मला त्या प्रश्नाचा राग येई. परंतु वहीच्या पानाचे दोन भाग करून मी पाहिलेले एकीकडे आणि ऐकलेले दुसरीकडे मांडू लागलो, तेव्हा ध्यानात आले की कानपूरची हकीकत गोडशांनी ऐकून लिहिली आहे, झाशीची लूट मात्र जीव मुठीत धरून स्वतः भोगली आहे. आणि हे सारे त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनंतर, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, आठवणीने लिहून काढले. वैद्यांनी ते १९०७ साली छापताना त्यावर संस्कारही केले होते. ते किती, हे दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली तेव्हा वाचकांस उमगले. आमच्या अध्यापकांची शंका अशा रीतीने पुढे कागदानेच खरी केली. तरीही, आणि हे मी आग्रहाने सांगतो, त्या चाळणीतून गोडसे भटजी लहान होऊन बाहेर पडले नाहीत. काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेल्या बाईसाहेबांना पाणी काढून देण्यास ते पुढे झाले आणि विद्वान ब्राह्मणास हे श्रम नकोत म्हणून त्यांनी स्वतःच पाणी ओढले, हा प्रसंग ‘पाहिले’ या रकान्यात लिहिताना मला जो आनंद झाला, तो आजीच्या गोष्टींत कधी लाभला नव्हता.

सर्वांत कठीण प्रकरण जोखनबागेचे. ८ जून १८५७ रोजी, अभयाच्या वचनावर किल्ल्याबाहेर आलेल्या इंग्रज स्त्रीपुरुषांची आणि मुलांची तेथे कत्तल झाली. आमच्या घरात या बागेचे नाव निघत नसे. अध्यापकांनी मात्र त्याच आठवड्यातील पत्रव्यवहार आमच्यापुढे मांडला. शिपाई दिल्लीकडे निघून गेल्यावर, १२ जूनला राणीसाहेबांनी सागर-नर्मदा प्रांताचे कमिशनर मेजर अर्स्किन यांस कळविले, की हे क्रौर्य सरकारच्याच फौजेने केले, आपल्यापाशी वाडा राखण्यापुरती शेपन्नास माणसे होती, तोफा नव्हत्या, आणि वाडा उडविण्याची धमकी देऊन शिपायांनी आपल्याकडूनही द्रव्य उकळले. अर्स्किन यांनी २ जुलैला, नवा अधिकारी येईपर्यंत कारभार तुम्हीच पाहावा, असे उत्तर धाडले. पुढे मात्र सरकारने राणीसाहेबांनाच त्या कत्तलीबद्दल अपराधी धरले.

वर्गात दोन तट पडले. काहींना ते पत्र झोंबले. शताब्दीच्या वर्षी ज्यांच्या नावाने जयघोष चालला होता, त्यांनी इंग्रजांस असे लिहावे हे त्यांना रुचेना. मला ते पत्र अतिशय मानवी वाटले. दत्तकविधान नामंजूर होऊन १८५४ साली राज्य खालसा झालेले, १८१७ च्या तहात रामचंद्ररावांच्या वारसांना दिलेले वंशपरंपरेचे वचन खलित्यांतून पुन्हापुन्हा दाखवूनही उपयोग झालेला नाही, हाताशी फौज नाही, शहर भयभीत, अशा स्थितीत एका विधवेने आपल्या रयतेचा बंदोबस्त करण्यासाठी जो मार्ग उघडा होता तो धरला. दहा महिन्यांनी तटावर उभी राहिलेली राणी मला या पत्रामुळे अधिक समजली, कारण युद्ध हा त्यांनी प्रथम निवडलेला मार्ग नव्हता, हे त्यातून दिसते.

हेच मी निबंधात लिहिले. अध्यापकांनी तो परत केला तेव्हा समासात लाल शाईने दोन प्रश्न होते : पत्र लिहिताना शिपाई शहरात नव्हते, ही गोष्ट राणीच्या बाजूने जाते की विरुद्ध? आणि अर्स्किनने जुलैत जे ग्राह्य मानले, ते पुढे अग्राह्य ठरविणाऱ्यांपाशी नवा पुरावा कोणता होता?

पहिल्याचे उत्तर मी त्याच आठवड्यात लिहून दिले. दुसऱ्यासाठी मला आग्रा विद्यापीठाची एम.ए. होईपर्यंत थांबावे लागले, आणि मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसून परराष्ट्र खात्याच्या दफ्तरातील जबान्या एकेक करून उतरवून घेताना, प्रत्येकीच्या समासात मी तेच दोन रकाने आखीत गेलो.